मूळ कारणाचा रकाना

फेब्रुवारी लागला की आमच्या कंपनीच्या बसमध्ये एक गंमत सुरू होते. सकाळी सहाच्या थंडीत सगळे माकडटोप्या घालून चढतात आणि दुपारी परतताना त्याच टोप्या मांडीवर ठेवून घाम पुसत बसतात. मोशीपासून चाकणपर्यंत रस्त्याच्या कडेला आता काटेसावरी उरल्यात मोजून चार, पण त्या चारही हट्टाने फुलतात. पान एक नाही, नुसती लाल फुलं. चाकणच्या बाजारापाशी कांद्याच्या गाड्यांची रांग लागलेली असते आणि एखादी खिडकी उघडी राहिली की अख्खी बस त्या वासाने भरते. मग मागच्या सीटवरून कुणीतरी ठरलेलं वाक्य टाकतं, "राव, आज भाजी उगाच आणली, वासावरच भाकरी गेली असती." दरवर्षी तेच वाक्य, आणि दरवर्षी आम्ही हसतो.

काल संध्याकाळी स्नेहलचा फोन आला. ती माझी मुलगी. दूर दक्षिणेतल्या एका संशोधन संस्थेत असते आणि फुटलेल्या ताऱ्यांचा अभ्यास करते. "बाबा, नवा सापडलाय. फार लांबचा नाही. अजून उजेड वाढतोय," ती म्हणाली. लांबचा नाही म्हणजे किती, हे मी आता विचारत नाही. तिच्या जवळच्या आणि माझ्या जवळच्या अंतरात फार फरक आहे. पण तिचा आवाज ऐकून मला चार वर्षांपूर्वीचा हाच मोसम आठवला. आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा नव्हती, तो मोसम.

तेव्हा तिचं एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं. मोशीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये अभ्यासाला वेगळी जागा नाही, म्हणून टेबल तिच्या ताब्यात गेलं होतं. त्यावर कागदच कागद, आणि प्रत्येक कागदावर वर-खाली उड्या मारणारी एक रेघ. आमची ही एकदा आमटीचं भांडं हातात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "हे कुणाचे ईसीजी पसरलेत?" स्नेहलने मान वर न करता सांगितलं, "मेलेल्यांचे."

ते ताऱ्यांच्या उजेडाचे वर्णपट होते. उजेड रंगारंगांत सोडवून मांडला की त्यात कोणकोणती मूलद्रव्यं आहेत ते कळतं. मी भट्टीवरचा माणूस, सळया तापवून गाड्यांच्या शाफ्ट घडवणाऱ्या कंपनीत तपासणीला. आमच्याकडे पोलादाची तपासणी अशीच होते: तुकड्यावर ठिणगी पाडायची, तिचा उजेड मशीन वाचतं आणि किती कार्बन, किती मँगनीज ते सांगतं. त्यामुळे मला ते पटकन समजलं आणि घरात निदान एका बाबतीत तरी मी आमच्या हिच्यापेक्षा हुशार ठरलो.

बाकीचं तिने आम्हाला मटार सोलता सोलता सांगितलं. सूर्यासारखा तारा जळून संपला की त्याचा गाभा मागे राहतो. आकार पृथ्वीएवढा, वजन जवळपास सूर्याएवढं. त्याला श्वेत बटू म्हणतात. आत काही जळत नाही, नुसता निवत जातो. एकटा असेल तर असाच निवत राहतो, कोट्यवधी वर्षं, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"आणि जोडीला कुणी असलं तर?" हिने विचारलं.

"तर मग भानगड."

भानगड अशी, की जोडीदार साधा तारा असेल तर श्वेत बटू त्याच्या अंगावरचा वायू ओढून घेत राहतो. वजन वाढत जातं. सूर्याच्या दीडपटीच्या थोडी अलीकडे एक हद्द आहे. तिथे पोचता पोचता आतला कार्बन पेट घेतो आणि काही सेकंदांत अख्खा तारा उडून जातो. हा सुपरनोव्हा. पण दुसराही रस्ता आहे. जोडीदार स्वतःच श्वेत बटू असेल, तर दोघं एकमेकांभोवती फिरत फिरत जवळ येतात आणि शेवटी एकमेकांवर आदळतात. तिसराही रस्ता काही जण सांगतात, त्यात हद्द गाठायच्या आधीच वरचा हेलियमचा थर पेटतो आणि आतल्यालाही पेटवतो. कुठल्याही रस्त्याने गेलं तरी स्फोट जवळजवळ सारखाच दिसतो. आणि मागे चौकशी करायला तारा उरत नाही.

"म्हणजे एकच तुटफूट, आणि कारणं तीन," मी म्हणालो.

"हो बाबा. आणि तुटलेला पीस हातात नाही."

मग तिने सांगितलेल्या एका गोष्टीने माझ्या हातातला मटार तसाच राहिला. त्या स्फोटात ढीगभर निकेल तयार होतं. त्याचं होतं कोबाल्ट आणि कोबाल्टचं होतं लोखंड. आठवडेच्या आठवडे तो सुपरनोव्हा चमकतो तो याच बदलाच्या जोरावर. म्हणजे आपल्याला दिसतो तो लोखंड तयार होतानाचा उजेड. जगातलं बरंचसं लोखंड असं आलेलं आहे. आमच्या कंपनीत येणाऱ्या प्रत्येक सळईवर हीट नंबर असतो. त्यावरून ती कुठल्या कारखान्यातल्या कुठल्या दिवशीच्या भट्टीतून आली, हे मी बसल्या जागी सांगू शकतो आणि त्याचा मला भारी अभिमान होता. त्या दिवशी कळलं की माझा माग भट्टीपाशीच संपतो. त्याच्या मागे काय झालं, ते अजून कुणालाच पक्कं माहीत नाही आणि माझी पोरगी आमच्या टेबलावर बसून तेच शोधत होती.

तिचं काम मोठं नव्हतं, असं ती म्हणायची. दुसऱ्यांनी मोठ्या दुर्बिणींतून घेतलेले सात सुपरनोव्हांचे वर्णपट तिला दिले होते. जोडीदार साधा तारा असेल तर स्फोटाच्या धक्क्याने त्याच्या अंगावरचा हायड्रोजन ओरबाडला जाईल, आणि काही महिन्यांनी धुरळा विरळ झाला की त्याची खूण दिसेल. तांबड्या भागात एक छोटासा उंचवटा. तो शोधायचा. तिने डिसेंबरपासून शोधला. सापडला नाही. एकाही वर्णपटात नाही.

बाहेर आंब्यांना मोहोर येत होता. शेजारच्या फ्लॅटमधून बारावीच्या मुलीचं पाठांतर ऐकू यायचं. आणि आमच्याकडे स्नेहल दिवसेंदिवस गप्प होत चालली होती. हिंजवडीच्या एका कंपनीचं बोलावणं तिच्या हातात होतं आणि एप्रिलच्या आत हो की नाही ते कळवायचं होतं. एकदा भात कालवताना ती म्हणाली, "तीन महिने शोधून काही सापडलं नाही, असं परीक्षकांपुढे सांगायला उभी राहू का? त्यापेक्षा नोकरी धरते." हिने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा तांब्या उचलून उगाच ग्लास भरला.

दोन दिवसांनी तिने प्रबंधाचा शेवटचा भाग मला वाचायला दिला. इंग्रजी तपासायला. शेवटचं वाक्य ठाम होतं: हायड्रोजन नाही, म्हणून हे सातही स्फोट दोन श्वेत बटूंच्या टकरीतून झाले. वाक्य छान होतं. कुठेही अडखळत नव्हतं. आणि मला ते ओळखीचं वाटलं, कारण तसलं वाक्य मी स्वतः लिहिलेलं होतं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. माल तुटला, गिऱ्हाईकाची तक्रार आली, की पाच वेळा "का" विचारायचं. शाफ्ट का तुटली? तडा होता म्हणून. तडा का होता? असं करत खाली उतरायचं आणि शेवटी फॉर्मवरच्या "मूळ कारण" या रकान्यात उत्तर लिहायचं. रीत चांगली आहे. वाईट आहे तो रकाना. तो रिकामा ठेवलेला कुणाला चालत नाही, आणि संध्याकाळी सहाच्या आत फॉर्म पाठवायचा असतो. त्यातून मला रिकामा रकाना जन्मात बघवत नाही. कुठल्याही फॉर्मवर अंगावरची खूण विचारली असेल तर मी आरशात बघून तीळ शोधतो. मग चौथ्या "का"ला घोडं अडलं, की आमच्यासारख्यांच्या हातून आपोआप तीन शब्द उतरतात: ऑपरेटरचा निष्काळजीपणा. त्यापुढे पाचवा "का" कुणी विचारत नाही.

त्या मोसमाच्या अकरा वर्षं आधी मी तो रकाना तसा भरला होता. एक शाफ्ट गिऱ्हाईकाकडे तुटली. ती ज्या प्रेसवर घडली तिथे दत्तूदादा होते. मोशीच्या जुन्या गावठाणातले, आमच्यातले सगळ्यात जाणते. तापलेल्या सळईचा नुसता रंग बघून ती किती तापलीय ते सांगायचे. मी लिहिलं की सळई पुरेशी तापलेली नसताना दाबली गेली, ऑपरेटरचा निष्काळजीपणा. दादांना प्रेसवरून काढून पॅकिंगला बसवलं. तीन महिन्यांनी त्याच हीट नंबरच्या आणखी दोन शाफ्ट तुटल्या, वेगळ्या प्रेसवरच्या, वेगळ्या माणसाच्या हातच्या. कापून पाहिलं तर पोलादातच मळीची, म्हणजे वितळताना आत अडकलेल्या कचऱ्याची रेघ होती. नवीन फॉर्म भरला, पोलाद परत पाठवलं. जुना फॉर्म तसाच राहिला. मी स्वतःची समजूत घातली की दादांचे गुडघे दुखतात, त्यांना पॅकिंगचं बसकाम बरं. ते तिथूनच निवृत्त झाले.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, हिलासुद्धा नाही. त्या दुपारी स्नेहलला सांगितलं. ती बराच वेळ पेनचं टोपण काढत आणि लावत बसली.

"मग मी काय लिहू?" तिने विचारलं. "माहीत नाही, असं?"

"आधी सांग, तुझ्या मोजपट्टीला काय दिसतं आणि काय दिसत नाही, ते तुला ठाऊक आहे का?"

तिला नीट कळलं नाही, म्हणून मी तिला लाल पीस सांगितला. तपासणीच्या प्रत्येक मशीनपाशी आम्ही एक मुद्दाम खराब केलेला पीस ठेवतो, लाल रंग दिलेला. रोज शिफ्ट सुरू होताना तो पहिल्यांदा मशीनमध्ये घालायचा. मशीनने त्याला पकडलं तरच त्या दिवशीच्या बाकीच्या तपासणीला अर्थ. पकडलं नाही तर मशीन दिवसभर सगळं चांगलंच आहे म्हणत राहील आणि त्यावर काडीचा भरवसा ठेवता येणार नाही. "तू हायड्रोजन सापडला नाही म्हणतेस. असता तर सापडला असता का? लाल पीस घालून बघितलास?"

तिने टोपण पेनला लावलं ते काढलंच नाही. उठून लॅपटॉप घेऊन आली.

पुढचे दोन रविवार माझ्या आयुष्यातले फार सुखाचे होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही. तिने खोट्या हायड्रोजनचे उंचवटे तयार केले, लहान, मध्यम, मोठे. ते कुठल्या वर्णपटात घालायचे आणि कुठला कोरा ठेवायचा, हे मी ठरवायचं, म्हणजे तिला आधी कळायला नको. मी खुर्ची भिंतीकडे फिरवून, लॅपटॉप मांडीवर घेऊन, चोरून परीक्षेचा पेपर काढणाऱ्या मास्तरच्या थाटात बसायचो. काय कुठे घातलं ते डायरीत लिहायचो आणि डायरीवर बसायचो. मग ती शोधायची. ही मधूनच येऊन म्हणायची, "तारे राहू देत, आधी उठा, जेवून घ्या." हरभऱ्याचे टहाळे आणलेले असायचे. ते सोलत सोलत स्नेहल ओरडायची, "चौथ्यात लहान आहे," आणि मी डायरी काढून बघायचो. असायचा.

चार वर्णपटांत तिने मी घातलेला लहानातला लहान उंचवटाही पकडला. उरलेल्या तिन्हींत मोठासुद्धा सापडेना. ते वर्णपट इतके गढूळ होते की त्यांत काही दडलं असतं तरी दिसलं नसतं. म्हणजे सातांपैकी तीन साक्षीदार मुके निघाले, आणि तिने त्यांच्याही नावावर साक्ष लिहून टाकली होती. जे चार बोलत होते तेही एवढंच म्हणत होते, की आमच्याजवळ हायड्रोजनवाला साधा जोडीदार असल्याचं दिसत नाही. मग कोण होतं, ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

स्नेहलने शेवटचं वाक्य खोडलं. त्याच्या जागी चार वाक्यं लिहिली, कमी ठाम आणि जास्त खरी. मग तिने माझ्याकडे बघून विचारलं, "बाबा, तुमचा जुना फॉर्म तुम्ही कधी दुरुस्त करणार?"

मी म्हणालो, तुझी तोंडी परीक्षा होऊ दे, मग बघू. ती माझी टाळाटाळ होती आणि ते दोघांनाही कळलं.

मार्चच्या मध्यावर तिची तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं की मग तुमचं उत्तर काय. तिने सांगितलं, "उत्तर माहीत नाही. पण कुठपर्यंत माहीत आहे आणि कुठून पुढे नाही, ते दाखवू शकते." त्यांनी तासभर फक्त लाल पिसाबद्दलच विचारलं. निघताना म्हणाले, हे काम सोडू नका. घरी आल्यावर तिने हिंजवडीला नाही कळवलं, आणि हिने त्या दिवशी टेबल पुसून त्यावर चार ताटं मांडली. एक ताट जास्त का मांडलं, ते तिचं तिलाच सांगता आलं नाही. आनंदात तिचं असं होतं.

त्याच आठवड्याच्या रविवारी मी दत्तूदादांकडे निघालो. स्नेहल न विचारता स्कूटरवर मागे बसली.

मोशीच्या गावठाणात, नव्या उंच इमारतींच्या पाठीमागे त्यांचं घर आहे. शेत होतं तिथे आता सोसायटी उभी राहिलीय, अंगणातला आंबा तेवढा राहिला. त्या वर्षी तो मोहोराने वाकला होता. दादा त्याखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. सूर्य नुकताच बुडाला होता. मला बघून ते उठायला लागले, मी त्यांना बसवलं आणि जे बोलायचं ते एका दमात बोलून टाकलं, नाहीतर राहिलं असतं.

"दादा, ती शाफ्ट तुटली होती ना, ती तुमच्यामुळं नव्हती तुटली. पोलादातच दोष होता. मला तीन महिन्यांनी कळलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही. माझं चुकलं."

मला वाटलं होतं, ते चिडतील. किंवा म्हणतील, मला तवाच ठाऊक होतं. मी दोन्हीची तयारी करून गेलो होतो. दादा नुसते स्वतःच्या हातांकडे बघत राहिले.

"आदल्या दिशी भाच्याचं लगीन हुतं," ते हळूच म्हणाले. "झोप झाली न्हवती. मला वाटायचं, डोळा लागला आसंल माझा. सळई निवली आसंल अन् म्या तशीच दाबली आसंल. आक्षी रोज, सायेब. रोज सकाळी त्वांड धुताना तीच पाळी आठवायची. कुटं हात चुकला, त्येच हुडकत ऱ्हायलो."

म्हणजे त्यांना ठाऊक नव्हतं. मी रकान्यात लिहिलेलं त्यांनी खरं मानलं होतं. डोळ्यांनी रंग बघून पोलादाचा ताप सांगणारा माणूस अकरा वर्षं स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेत होता. नोकरी, पॅकिंग, गुडघे, या सगळ्याचा मी विचार केला होता. याचा केला नव्हता. मला तिथे बसवेना आणि उठवेना.

"आमच्या हिला सांगा," दादा म्हणाले. त्यांनी आत हाक मारली. वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. मी तेच सगळं पुन्हा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा अवघड गेलं. वहिनींनी ऐकून घेतलं. दादांकडे वळून म्हणाल्या, "मी तवाच म्हनले हुते, तुमचा हात चुकायचा न्हाई." मग आत जाऊन त्यांनी चहा ठेवला.

दादांनीच मग विषय बदलला. त्यांचा आवाज मोकळा झाला होता, निदान मला तसं ऐकू आलं. "पोरगी काय शिकती?" त्यांनी विचारलं. स्नेहलने मोहोराच्या वरून दक्षिणेकडे बोट दाखवलं. व्याध उगवून बराच वर आला होता आणि नव्या इमारतींच्या दिव्यांनाही न जुमानता लखलखत होता. ती म्हणाली, "तो दिसतो ना, त्याला एक जोडीदार आहे. जळून संपलेला, छोटासा. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तसल्या ताऱ्यांचा अभ्यास करते."

"फुटनार हाय का त्यो?"

"हा नाही. दोघं एकमेकांपासून लांब आहेत."

"बरं हाय," दादा म्हणाले. त्यांना खरंच बरं वाटलेलं दिसलं.

मग तिने त्यांना लोखंडाचं सांगितलं. दादा पुढे वाकून ऐकत होते. आयुष्यभर त्यांनी जे दाबलं, ठोकलं, रंगावरून ओळखलं, ते असल्या फुटलेल्या ताऱ्यांतून आलंय, हे त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतलं. एवढ्यात चहा आला. दादांनी कप हातात घेतला, पण प्यायले नाहीत.

"अन् त्यो तारा फुटतो कशानं?"

"ते अजून नक्की माहीत नाही, आजोबा. दोन-तीन कारणं असू शकतात. शोधतोय."

"जगात कुनालाच म्हाईत न्हाई?"

"कुणालाच नाही."

"म्हंजी तुमच्या कागदावर त्यो रकाना रिकामाच हाय?"

"रिकामाच आहे."

"उगं कुनाचं नाव न्हाई घातलं?"

"नाही घातलं."

दादांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मान वर करून त्यांनी त्या ताऱ्याकडे पाहिलं.

"मग भली मानसं दिसत्यात तुमची," ते म्हणाले, आणि चहाचा पहिला घोट घेतला.